घरगुती जाळ्यातील पत्तारचना : प्रस्तावना

घरातल्या राउटरशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रापाशी एक संख्या असते. ती त्याला कोणी दिली, किती मुदतीने दिली, आणि उद्या तीच संख्या दुसऱ्या कोणास दिली जाणार नाही याची हमी कोणाची, हे प्रश्न ज्या घरात कधीच कोणी विचारलेले नाहीत त्या घरातही कारभार बरेच महिने विनातक्रार चालतो. आणि मग एखाद्या सकाळी प्रिंटर अकस्मात मुका होतो, दारावरच्या कॅमेऱ्याचे चित्र फोनवर उमटेनासे होते, किंवा पाहुण्यांचा लॅपटॉप जोडला जाऊनही त्यावर काही केल्या एकही पान उघडत नाही. अशा वेळी घरातील मंडळी तारा उपसून पुन्हा खोचतात, राउटर बंद करून चालू करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्रच जुने झाले असे ठरवून नवे विकत आणतात. यांतील पुष्कळ प्रसंगी यंत्रात काहीही बिघडलेले नसते; घरातील पत्त्यांची व्यवस्था तेवढी कोणी कधी लावलेली नसते. ती लावू इच्छिणाऱ्या सामान्य गृहस्थासाठी आणि गृहिणीसाठी ही पुस्तिका सिद्ध केली आहे.

या विषयावरचे लेखन बहुधा कोणता पडदा उघडावा, कोणत्या चौकटीत काय भरावे, एवढ्यावर समाप्त होते. तेही आवश्यक आहे, आणि पुढील प्रकरणांत ते यथासांग येईल. परंतु पडदे दर वर्षी बदलतात, कंपनीगणिक निराळे असतात, आणि ज्याला त्यामागचे कारण ठाऊक नाही त्याला पडदा बदलताच पुन्हा परस्वाधीन व्हावे लागते. मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते असे, की सबंध इंटरनेटवरील पत्त्यांचे वाटप करणारी कचेरी आहे, तिचे नियम आहेत, तिची प्रादेशिक शाखा आहे. पण घराच्या आतल्या पत्त्यांसाठी अशी कचेरी कोठेही नाही, कधी नव्हती आणि यापुढेही असणार नाही. तो अखत्यार बुद्धिपुरस्सर घरधन्याकडे सोपवलेला आहे. ज्याच्याकडे अखत्यार आला त्याच्याकडे दप्तरही आले, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात येते, आणि घरगुती जाळ्यातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ मला येथेच सापडत आले आहे.

हा अखत्यार आपल्याकडे कसा आला, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ज्या आयपी नावाच्या नियमावलीवर आजचे इंटरनेट चालते ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली; तिचे संपादक जॉन पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधनसंस्थेत काम करीत, आणि कोणती संख्या कोणाच्या नावे आहे याची जगभरची नोंद बरीच वर्षे प्रायः या एकाच गृहस्थाच्या देखरेखीखाली राहिली. त्या नियमावलीने प्रत्येक पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा ठरवला, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. वाचण्याच्या सोयीसाठी त्यांचे आठ-आठ अंकांचे चार गट पाडून प्रत्येक गट ० ते २५५ यांमधील संख्येने लिहिण्याची वहिवाट पडली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने जुनी पद्धत सोडून ही नवी पद्धत स्वीकारली, तेव्हा सव्वाचार अब्जांहून अधिक पत्ते पुरून उरतील असे वाटावे यात काही नवल नव्हते, कारण त्या काळी संगणक हे विद्यापीठाच्या वा सरकारी खात्याच्या मालकीचे अवजड यंत्र होते, आणि ते कोणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसेल अशी कल्पना कोणी करीत नसे.

दहा वर्षांच्या आतच ही निश्चिंती सरली. पत्त्यांचे वाटप तीन ठरावीक मापांच्या तुकड्यांनी होत असे, आणि ती मापे अशी विषम होती, की ज्या संस्थेला २५४ यंत्रांचा लहान तुकडा अपुरा पडे तिला एकदम ६५,५३४ यंत्रांचा तुकडा घ्यावा लागे व त्यातला बहुतेक भाग पडीक राही. १९९३ मध्ये ही मापे रद्द करून पाहिजे त्या आकाराचा तुकडा तोडून देण्याची रीत आली. पण तेवढ्याने भागणारे नव्हते. मार्च १९९४ मध्ये एक निराळाच प्रस्ताव मांडला गेला, आणि काही सुधारणांसह फेब्रुवारी १९९६ मध्ये तो शिरस्ता म्हणून कायम झाला. त्यान्वये पत्त्यांचे तीन पट्टे सार्वजनिक वाटपातून कायमचे वगळण्यात आले: १०.०.०.० पासूनचे १,६७,७७,२१६ पत्ते, १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंतचे १०,४८,५७६ पत्ते, आणि १९२.१६८.०.० पासूनचे ६५,५३६ पत्ते. यांतला पहिला पट्टा एकेकाळी अर्पानेटच्याच नावे होता. १९९० मध्ये ते जाळे अधिकृतपणे मोडीत निघाल्यावर तो मोकळा झाला होता. हे तीन पट्टे म्हणजे पत्त्यांच्या मुलखातील गायरान होय: त्यावर कोणाची मालकी नाही, कोणालाही परवानगीवाचून तेथे वावरता येते, आणि म्हणूनच तेथे अमुक जागा आपलीच आहे असा दावा कोणालाही जगापुढे करता येत नाही. नाशकातील एका घराचा १९२.१६८.१.५ आणि मालवणातील दुसऱ्या घराचा १९२.१६८.१.५ हे दोन्ही आपापल्या घरात खरे, आणि उंबरठ्याबाहेर दोन्ही निरर्थक. असा पत्ता लिहिलेले पत्र कोणी बाहेर सोडलेच, तर इंटरनेटवरील राउटर ते पुढे नेत नाहीत.

या योजनेला विरोध झाला नाही असे नाही. जुलै १९९४ मध्ये चार जाणकारांनी तिच्याविरुद्ध एक लेख प्रसिद्ध केला, आणि त्यांचा मुद्दा आजही मननीय आहे. प्रत्येक पत्ता जगात एकमेव असणे हाच या रचनेचा पाया होय. तो एकदा सोडला, की आज स्वतंत्र असलेली दोन जाळी उद्या काही कारणाने जोडावी लागली म्हणजे दोहोंकडे तेच पत्ते निघतील आणि गोंधळ होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या चौघांपैकी एलियट लियर यांचे नाव पुढे १९९६ च्या अंतिम मसुद्याच्या कर्त्यांमध्येही आढळते. आणि त्या मसुद्यात, या पट्ट्यांतून जागा निवडताना ती यदृच्छेने निवडावी, अशी आग्रहाची शिफारस आहे. विरोधकाला बाहेर न ठेवता त्याचा आक्षेप नियमाच्या अंगात मुरवून घेण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. दुर्दैवाने ती शिफारस घराघरांत पोचलीच नाही. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हेच पत्ते कारखान्यातून घालून पाठवले, आणि पासष्ट हजारांवर पत्त्यांचा पट्टा हाती असताना बहुसंख्य घरे त्याच्या पहिल्या दोन कोपऱ्यांत दाटीने बसली.

याचा उपद्रव प्रत्यक्षात कोठे होतो? घरून काम करणाऱ्या माणसाचा लॅपटॉप व्हीपीएनमार्गे, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेने, कचेरीच्या जाळ्याशी जोडला जातो. कचेरीतील फायली ठेवणारे यंत्र जर १९२.१६८.१.२० वर असेल आणि घरातला टीव्हीही १९२.१६८.१.२० वर असेल, तर लॅपटॉपने फायली कोठे मागाव्यात? तो बापडा बहुधा घरातच मागतो, टीव्हीकडून उत्तर येत नाही, आणि दोष मात्र कचेरीच्या संगणक विभागाला दिला जातो. यावर उपाय अगदी सोपा आहे. राउटरच्या व्यवस्थेत शिरून घराचा पट्टा १९२.१६८.७३.० किंवा १०.४७.२३.० असा, सहसा कोणी निवडणार नाही असा घ्यावा. मधली संख्या आपल्या मनाची, पण पाठ राहील अशी. १७२ ने सुरू होणारा पट्टा घेणाऱ्याने एवढे जपावे, की १६ ते ३१ याच हद्दीत तो खासगी आहे, १७२.३२ पासून पुढे परक्याची मालमत्ता सुरू होते, आणि ती घरात वापरली तर तेथील खऱ्या मालकाच्या यंत्रांशी आपला संपर्क तुटतो.

आता यंत्र आपल्या पत्त्याचा उपयोग कसा करते ते जरा जवळून पाहू, कारण या ठिकाणी घालवलेला अर्धा तास पुढे पुष्कळ मनस्ताप वाचवतो. समजा, लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.७३.१२० आहे, आणि त्याला १९२.१६८.७३.२० या प्रिंटरकडे एक पान पाठवायचे आहे. पत्त्याबरोबर त्याला सबनेट मास्क नावाची आणखी एक चौगटी संख्या दिलेली असते. घरात ती बहुधा २५५.२५५.२५५.० असते. तिचा अर्थ इतकाच, की पहिले तीन गट जाळ्याचे आणि शेवटचा गट यंत्राचा. लॅपटॉप आपले पहिले तीन गट आणि प्रिंटरचे पहिले तीन गट पडताळून पाहतो. ते जुळले, तेव्हा प्रिंटर आपल्याच जाळ्यात आहे असे तो ठरवतो आणि सर्व जाळ्याला उद्देशून विचारणा करतो: हा पत्ता कोणाचा? प्रिंटर उत्तरादाखल आपल्या जोडणीयंत्रावर कारखान्यातच कोरलेला अठ्ठेचाळीस द्विमान अंकांचा क्रमांक, ज्याला मॅक पत्ता म्हणतात तो, कळवतो. लॅपटॉप तो थोडा वेळ टिपून ठेवतो आणि पान त्या क्रमांकाकडे रवाना करतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये ठरलेली ही एआरपी नावाची विचारपूस आपल्या घरात दिवसभर अव्याहत चालू असते. आणि तीन गट जुळले नाहीत तर? तर लॅपटॉप काही शोधाशोध करीत नाही. जे काही आहे ते गेटवेच्या, म्हणजे राउटरच्या, हवाली करून मोकळा होतो. शेवटच्या गटातील ० ही संख्या जाळ्याच्या स्वतःच्या नावासाठी आणि २५५ ही सर्वांना एकदम उद्देशून बोलण्यासाठी राखलेली असल्यामुळे घरात २५४ यंत्रांची सोय होते. त्याहून मोठे जाळे घरासाठी घेण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही.

एआरपीच्या या विचारपुशीत एक भाबडेपणा आहे. जो पहिल्याने किंवा शेवटी उत्तर देईल त्यावर विश्वास ठेवला जातो. उत्तर देणाऱ्याच्या सनदेची कोणी रुजुवात करीत नाही. त्यामुळे एकच पत्ता दोन यंत्रांनी सांगितला, की जाळ्यातील इतरांची मती गुंग होते.

सोलापूरकडील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी शिकवणीचा वर्ग चालतो, तेथे हे मी प्रत्यक्ष पाहिले. प्रिंटर बसवून देणाऱ्या कारागिराने त्याला १९२.१६८.१.१० हा पत्ता हाताने घालून दिला होता, आणि आपल्या परीने त्याने योग्यच केले, कारण संगणकांनी नेमके कोठे छापायला पाठवावे हे नक्की असावे लागते. राउटर मात्र १९२.१६८.१.२ पासून पुढचे सर्व पत्ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाटण्यास मोकळा होता. प्रिंटरचा पत्ता बाजूला काढल्याची वर्दी त्याला कोणी दिलीच नव्हती. रात्री प्रिंटर बंद केला जाई. सकाळी सातच्या तुकडीतील मुले आली, की त्यांचे फोन एकामागून एक पत्ते मागत. काही राउटर पत्ता देण्यापूर्वी तो कोणी वापरीत आहे काय अशी हाक मारून पाहतात, पण बंद प्रिंटर हाकेला ओ कशी देणार? तेव्हा १० क्रमांक रिकामा समजून तो कोणा मुलाच्या फोनला मिळे. नऊ वाजता प्रिंटर चालू झाला, की एकाच पत्त्याचे दोन हक्कदार उभे राहत, आणि प्रश्नपत्रिका कधी छापल्या जात, कधी त्या मुलाच्या फोनकडे जाऊन नाहीशा होत. रविवारी वर्ग नसल्यामुळे प्रिंटर बिनबोभाट चाले, आणि त्यामुळे तर रोगाचे निदान अधिकच अवघड झाले. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा शाईची नळी बदलली होती. शेवटी राउटरच्या वाटपाची हद्द १०० पासून २०० पर्यंत आखून दिली आणि प्रिंटर त्या हद्दीच्या बाहेर ठेवला, तेव्हा तक्रार कायमची थांबली. खर्च काहीच आला नाही.

येथे ज्या वाटपाचा उल्लेख केला ते डीएचसीपी या पद्धतीने चालते. राल्फ ड्रोम्स यांनी १९९३ मध्ये तिची मांडणी केली व मार्च १९९७ मध्ये तिला आजचे रूप आले. त्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा पत्ता बहुधा कोणी तरी जाऊन हाताने भरावा लागे. नवे यंत्र जाळ्यात येते तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो, राउटरचाही ठाऊक नसतो. म्हणून ते सर्वांना उद्देशून मागणी करते, राउटर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो कबूल असल्याचे जाहीर करते, आणि राउटर त्यावर मंजुरीची मखलाशी करतो. अशा चार निरोपांत हा व्यवहार पुरा होतो, आणि मंजुरीबरोबर मास्क, गेटवे व नावांचा शोध घेणाऱ्या डीएनएस सेवकाचा पत्ता हेही कळवले जाते. हा पत्ता भाडेपट्ट्याने दिलेला असतो, बक्षीस म्हणून नव्हे. भाडेपट्ट्याची मुदत निम्मी सरताच यंत्र नूतनीकरणाची मागणी करू लागते. ज्याने मागणी केली नाही त्याचा पत्ता मुदत संपताच खालसा होऊन दुसऱ्यास दिला जाऊ शकतो. राउटर सापडलाच नाही तर पुष्कळ यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच धारण करतात, आणि तो पडद्यावर दिसला की वाटप करणाऱ्याशी गाठच पडलेली नाही एवढे खुशाल समजावे. बाकीच्या शंका तूर्त बाजूला ठेवून वायफायचा परवलीचा शब्द आणि तार तपासावी.

कोणत्या यंत्राला भाडेपट्टा पुरे आणि कोणाला कायमची जागा हवी, याविषयी माझे मत निश्चित आहे. जे यंत्र इतरांकडे जाते, त्याला पत्ता कोणताही चालतो; ज्याच्याकडे इतर यंत्रे येतात, त्याचा पत्ता कायम हवा. फोन, लॅपटॉप, टीव्ही हे पहिल्या वर्गातील. प्रिंटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, घरच्या छायाचित्रांचा संग्रह ठेवणारे यंत्र हे दुसऱ्या वर्गातील. मात्र कायम जागा देताना ती त्या यंत्रात जाऊन हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्येच त्या यंत्राच्या मॅक पत्त्यापुढे नोंदवून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. तसे केल्याने सर्व नोंदी एका दप्तरात राहतात, पट्टा बदलायचा झाला तर एकाच ठिकाणी फेरफार करावा लागतो, आणि यंत्र दुरुस्तीला जाऊन कोरे होऊन परत आले तरी त्याची जागा त्याला मिळते. फोनांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते: २०१९-२० पासूनचे बहुतेक फोन माग काढला जाऊ नये म्हणून प्रत्येक जाळ्याला निराळाच कृत्रिम मॅक पत्ता दाखवतात, म्हणून फोनसाठी नोंद करायचीच असेल तर तो त्या जाळ्यावर दाखवीत असलेला पत्ता पाहून करावी, खोक्यावर छापलेला घेऊ नये.

आपल्या शहरांत अलीकडे एक विशेष परिस्थिती उत्पन्न झाली आहे, आणि तिला पुस्तिकेत एक सबंध प्रकरण दिले आहे. फायबरची जोडणी देणारा माणूस आपल्याबरोबर एक खोके आणतो. ते प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत बदलते, आणि बहुधा तेच राउटरचेही काम करते. त्याचे वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून गृहस्थ बाजारातून स्वतःचा राउटर आणतो आणि तार त्याला जोडतो. आता घरात दोन वाटपकर्ते झाले. दुसऱ्या राउटरमध्ये तार बाहेरच्या जोडणीसाठी असलेल्या खाचेत खोचली, तर घराच्या आत आणखी एक घर निर्माण होते: पुढच्या खोलीतील यंत्रे एका जाळ्यात, मागच्या खोलीतील दुसऱ्या, आणि मागचा लॅपटॉप पुढचा प्रिंटर आपोआप शोधू शकत नाही; त्यातही दोन्ही खोकी १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन बसली असतील तर काहीच धड चालत नाही. उलट तार आतल्या चार खाचांपैकी एकीत खोचली, तर दोघेही एकाच जाळ्यात पत्ते वाटू लागतात, आणि ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा अंमल. अर्ध्या यंत्रांना इंटरनेट मिळते, अर्ध्यांना मिळत नाही, आणि कोणत्या अर्ध्याला ते दर दिवशी बदलते. तजवीज एकच: वाटप एकाकडेच ठेवावे. दुसऱ्या राउटरला अॅक्सेस पॉइंटच्या भूमिकेत बसवावे, म्हणजे तो केवळ वायफायची व्याप्ती वाढवील. अथवा कंपनीला सांगून तिच्या खोक्याला ब्रिजच्या भूमिकेत टाकावे, म्हणजे ते केवळ संदेश बदलून पुढे देईल, आणि सर्व कारभार आपल्या राउटरकडे घ्यावा. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात दप्तर आपल्या ताब्यात राहते आणि उद्या कंपनी बदलली तरी घरातला एकही पत्ता हलत नाही.

घरातले पत्ते उंबरठ्याबाहेर निरर्थक असतील तर बाहेरच्या जगाशी व्यवहार कसा होतो, याचे उत्तर नॅट या युक्तीत आहे. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ती मांडली तेव्हा तिला तात्पुरता उपाय असेच म्हटले होते. आज घरोघरी ती ज्या रूपात चालते त्यात राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावरचा आतला पत्ता पुसून त्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो, आणि उत्तर आले म्हणजे ते कोणाचे हे ओळखण्यासाठी पोर्ट नावाच्या संख्येची नोंद आपल्या वहीत करून ठेवतो. ज्या निरोपाची अशी नोंद नाही तो बाहेरून आला तर कोणाला द्यावा हे त्याला कळत नाही, म्हणून तो टाकून देतो. यामुळे घराला आयतेच थोडे संरक्षण मिळते, आणि त्याच कारणाने बाहेरून घरात डोकावणे अवघड होते.

ही अडचण आता आणखी एका पायरीने वाढली आहे. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील पत्त्यांचे अखेरचे तुकडे ३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रादेशिक संस्थांना वाटून झाले, आणि ज्या आशिया-पॅसिफिक शाखेत आपला देश येतो तिची सढळ वाटणी त्याच वर्षीच्या १५ एप्रिलला बंद पडून काटकसरीचे रेशनिंग सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवतात; त्यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास राखून देण्यात आला. आपल्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता या हद्दीत दिसला, तर कंपनीच्या दारी आणखी एक नॅट आहे हे जाणावे. पुण्यात आईवडील एकटे राहतात आणि मुलगी न्यू जर्सीत असते. तिला रात्री झोपण्यापूर्वी दारावरचा कॅमेरा पाहायचा असतो. राउटरमध्ये पोर्ट उघडून देण्याचा जुना उपाय येथे चालत नाही, कारण ज्या वहीत नोंद व्हायला हवी ती कंपनीच्या ताब्यात आहे. तो चालत असे तेव्हाही मला धोक्याचाच वाटे. कॅमेरे बनवणाऱ्यांनी घातलेले आरंभीचे परवलीचे शब्द फारसे कोणी बदलीत नाही, आणि अशी उघडी दारे धुंडाळणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. अशा कुटुंबांनी आतून बाहेर जोडणी करणारा व्हीपीएन वापरावा. त्याची कृती पुढे सविस्तर दिली आहे, आणि त्यासाठीही दोन्ही घरांचे पट्टे भिन्न असावे लागतात.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीविषयी येथे थोडेच सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये तिचा सुधारित मसुदा प्रसिद्ध झाला, तिचे पत्ते १२८ द्विमान अंकांचे आहेत, आणि आपल्या देशात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून ती कोट्यवधी फोनांत येऊन बसली आहे. हिच्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता मिळतो. म्हणजे नॅटची गरज संपते, आणि नॅटमुळे मिळणारे आयते संरक्षणही संपते. म्हणून राउटरमधील सहाव्या आवृत्तीचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारे अनाहूत निरोप अडवणारी व्यवस्था, चालू आहे की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. घरच्या घरी वापरण्यासाठी तिच्यातही एक खासगी पट्टा आहे, आणि २००५ मध्ये तो ठरवताना त्यातील चाळीस अंक प्रत्येकाने यदृच्छेनेच निवडले पाहिजेत असे बंधन घालण्यात आले. १९९४ च्या चौघांचे म्हणणे अकरा वर्षांनी असे नियमरूप झाले.

पुस्तिकेच्या अखेरीस एक कोरा तक्ता जोडला आहे. त्यात घराचा पट्टा, राउटरचा पत्ता, वाटपाची हद्द, आणि त्याखाली प्रत्येक कायम यंत्राचे नाव, मॅक पत्ता, दिलेला पत्ता व तारीख, असे रकाने आहेत. माझी विनंती अशी, की पहिले प्रकरण वाचण्यापूर्वीच, आज घरात जे आहे ते जसेच्या तसे त्या तक्त्यात उतरवावे. राउटरच्या पडद्यावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, ती आणि घरातील प्रत्यक्ष यंत्रे यांचा ताळा घालावा, आणि यादीतले जे यंत्र कोणाचे ते उमगत नाही त्याचा छडा लागेपर्यंत पुढे जाऊ नये. तक्ता भरल्यावर तो राउटरजवळच ठेवावा, कारण इंटरनेट बंद पडलेले असताना फोनमध्ये दूरवर साठवलेली टिपणे उघडत नाहीत. राउटरमध्ये शिरण्याचा परवलीचा शब्द मात्र त्यावर लिहू नये. तो घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावा. या पुस्तिकेत सर्व पत्ते देवनागरी अंकांत छापले आहेत, यंत्रात भरताना ते इंग्रजी अंकांत भरावे, आणि चार गटांमधील टिंबे गाळू नयेत.